पाहणाऱ्याचा वरखर्च



नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा सोडले की तिगाव हे लहानसे स्थानक लागते, आणि तेथून पुढे चिचोंड्याकडे जाणारा घाट सुरू होतो. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबता धडधडत निघून जातात. आता अशी कल्पना करा, की एखाद्या चौकस अधिकाऱ्याने फर्मान काढले : प्रत्येक गाडीने प्रत्येक स्थानकावर थांबावे, गार्डाने खाली उतरून वहीत वेळ लिहावी आणि मगच पुढे निघावे. नोंद चोख होईल, यात शंका नाही. पण इटारसीला वेळेवर पोहोचणारी गाडी एक तरी उरेल काय? आणि वहीत जो उशीर दिसेल, त्यातला मूळचा किती आणि वहीपायी झालेला किती, हे कोणी सांगावे?

अगदी हाच पेच संगणकाच्या पोटात डोकावणाऱ्यांपुढे उभा राहतो. संगणकात काय किंवा आपल्या हातातील मोबाइलमध्ये काय, सर्व कार्यक्रमांच्या तळाशी एक मूळ कार्यक्रम अखंड चालू असतो. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. आपण गाभा म्हणू. अँड्रॉइडच्या मोबाइलमधील गाभा लिनक्स या नावाचा आहे. हा गाभा हजारो लहान लहान कामांचा बनलेला असतो. अशा प्रत्येक कामाला फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला, आणि हे सारे क्षणार्धात लक्षावधी वेळा घडते. कोठे तरी काम अडते, पडदा गोठल्यासारखा होतो. मग कोणते फंक्शन केव्हा चालले, याचा माग काढावा लागतो. या माग काढण्याला जो वेळ लागतो, त्याला वरखर्च हे आपले जुने, घरगुती नाव चपखल बसते.

लिनक्समध्ये या कामासाठी एफट्रेस नावाची सोय आहे. तिचे प्रमुख कर्ते स्टीव्हन रोस्टेड. २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत, ती गाभ्यात आली. तिची युक्ती मुळात सोपी आहे. प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो दुभाषा, म्हणजे कंपायलर, त्याला सांगता येते की प्रत्येक फंक्शनच्या दाराशी एक हाक घालून ठेव. आत शिरताना ती हाक जाते आणि नोंद होते. पण माग काढायचाच नसेल तेव्हा काय? हाक जाते, पलीकडचा ‘काही काम नाही’ म्हणून लगेच परत पाठवतो, इतकेच. एवढ्याशा रिकाम्या हेलपाट्यानेही काम सुमारे १३ टक्क्यांनी मंदावते, असे रोस्टेड यांनी एका चाचणीत मोजले. वर्षातून एखाद्या दिवशी लागणाऱ्या वहीसाठी रोज एवढी पट्टी कोण देईल? लोक ती सोयच काढून टाकतील, आणि नेमका बिघाड होईल त्या दिवशी हाताशी वही नसेल.

म्हणून हाकच पुसून टाकण्याची कल्पना निघाली. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरवर ही हाक पाच बाइटांची असते. यंत्र सुरू होतानाच त्या जागी पाच बाइटांची, काहीच न करण्याची आज्ञा लिहून ठेवायची. प्रोसेसर ती जवळजवळ फुकट ओलांडतो. माग हवा झाला की तेथे पुन्हा हाक लिहायची. तिगावची गाडी न थांबता जाते. लाल दिवा लावला तरच थांबते.

पण या काटकसरीने एकदा मोठा घात केला. २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत असताना, २००८च्या सप्टेंबरात, काही संगणकांतील इंटेलची नेटवर्क-कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. कार्डाच्या कायमच्या स्मृतीतील मजकूरच बिघडलेला आढळे. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. खरा अपराधी निघाला एफट्रेस. त्या वेळी फंक्शनांच्या दारांची यादी यंत्र चालू असताना तयार होई आणि हाका मागाहून पुसल्या जात. काही फंक्शने केवळ आरंभी लागतात. काम झाले की त्यांची जागा मोकळी केली जाते. यादीत मात्र ते पत्ते तसेच राहिले होते, आणि त्यांपैकी काही पत्त्यांवर आता कार्डाची स्मृती येऊन बसली होती. घर पाडून तेथे विहीर खणली आहे, आणि जुनी यादी घेऊन आलेला शिपाई दारावरची पाटी बदलायला पाऊल टाकतो, तसा हा प्रकार. ‘आधीचा मजकूर जुळला तरच बदल’ अशी सावधगिरीची आज्ञा वापरलेली होती. परंतु ती साध्या स्मृतीसाठी. कार्डाच्या स्मृतीपुढे ती सावधगिरी व्यर्थ ठरली. पुढच्या आवृत्तीत यादी कंपाइल करतानाच बनवण्याची रीत आली आणि मोकळ्या झालेल्या जागा यादीतून वगळल्या जाऊ लागल्या.

आणखी एक अडचण होती. चालत्या यंत्रात पाच बाइट बदलताना दुसरा प्रोसेसर नेमका अर्धवट बदललेल्या आज्ञेवर येऊन पडला तर? आरंभी यासाठी सगळे प्रोसेसर क्षणभर थांबवीत. २०१२ पासून निराळी रीत आली : प्रथम पहिल्या बाइटावर एक थांबा ठोकायचा, मग मागचे चार बाइट बदलायचे, शेवटी थांबा काढून खरा पहिला बाइट बसवायचा. मधल्या वेळात जो येईल तो थांब्याला अडखळून सुखरूप पुढे जातो. रूळ बदलताना सगळी वाहतूक बंद ठेवावी लागत नाही.

हव्या त्या एकाच जागी पहारा बसवण्याची सोय याहूनही जुनी आहे. केप्रोब्ज हे तिचे नाव. तिचा आरंभ २००२ साली आय.बी.एम.च्या भारतीय शाखेतील वंशी कृष्ण यांनी केला, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. थांबा ठोकून माग काढण्याची तिची पद्धत खर्चाची होती. २०१०च्या सुमारास मासामी हिरामात्सू यांनी जमेल तेथे थांब्याऐवजी सरळ उडीची आज्ञा बसवून तो खर्च पुष्कळ उतरवला.

माग प्रत्यक्ष चालू असतानाही काटकसर असतेच. प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र वही दिलेली असते. शाळेत दर वर्गाचा हजेरीपट निराळा असतो तसा. एकाच हजेरीपटासाठी पाच मास्तर रांगेत उभे राहिले तर तास संपेल. नोंदीत पूर्ण वेळ न लिहिता, मागच्या नोंदीपासून किती अवधी गेला एवढेच सहसा लिहितात. शिवाय हजारो फंक्शनांतून हवी तेवढीच निवडता येतात. उरलेल्यांच्या दाराशी ती निरुद्योगी आज्ञाच राहते.

काही फंक्शनांचा माग मात्र मुळीच घेत नाहीत, आणि ती म्हणजे माग घेणारी फंक्शने. नाहीतर कारकून वहीत लिहायला बसला याची नोंद करण्यासाठी त्याला पुन्हा वही उघडावी लागेल, त्या उघडण्याची नोंद करण्यासाठी आणखी एकदा, आणि यंत्र तेथेच बसून राहील.