व्रण की गाठ? स्तनाच्या कर्करोगानंतरची सोनोग्राफी

सोनोग्राफी म्हटले की गरोदर स्त्री आणि गर्भलिंगनिदानास मनाई करणारी दारावरची पाटी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या तंत्राचा स्तनाच्या गाठींशी संबंध त्याहून जुना आहे. ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड यांनी गर्भाच्या प्रतिमा असलेला आपला प्रसिद्ध निबंध १९५८ मध्ये प्रकाशित केला. पण अमेरिकेत मिनिआपोलिस येथे डॉ. जॉन वाइल्ड व अभियंते जॉन रीड हे १९५२ च्या सुमारासच स्तनातील गाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासून पाहत होते.

स्तनाचा कर्करोग म्हणजे संपूर्ण स्तन काढून टाकणे, अशी समजूत अजूनही खेडोपाडी आहे. रोग लवकर लक्षात आल्यास बहुधा तशी गरज उरत नाही. इटलीत मिलान येथे १९७३ पासून आणि अमेरिकेत १९७६ पासून झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांचे आयुर्मान संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच आढळले. मात्र राखलेल्या स्तनात रोग पुन्हा उद्भवू शकतो. अमेरिकेतील चाचणीत वीस वर्षांत, किरणोपचार घेतलेल्यांपैकी शेकडा १४, तर न घेतलेल्यांपैकी शेकडा ३९ स्त्रियांत तसे घडले. किरणोपचार अर्धवट सोडून गावी परतणाऱ्या स्त्रीने हे आकडे ऐकावयास हवेत.

पुनरुद्भव ओळखणे सोपे नसते. शस्त्रक्रियेच्या जागी द्रव साठतो, किरणोपचाराने त्वचा जाड होते, मेद मृत होऊन कठीण गोळा बनतो आणि या सर्वांत व्रण असतोच. पडद्यावर व्रण काळपट दिसतो, त्याच्या कडा ओबडधोबड असतात आणि मागे सावली पडते. कर्करोगाची गाठही अशीच दिसते! म्हणून डॉक्टर यंत्राचा शोधक निरनिराळ्या दिशांनी फिरवून पाहतात. एका बाजूने जाड दिसणारा व्रण दुसऱ्या बाजूने बारीक रेषेसारखा दिसतो आणि त्वचेवरील टाक्यांच्या खुणेपर्यंत पोहोचतो. गाठ बहुधा सर्व बाजूंनी गाठच दिसते. डॉप्लर पद्धतीने रक्तप्रवाहही पाहता येतो. जुन्या व्रणात तो सहसा नसतो, वाढत्या गाठीत पुष्कळदा असतो. तथापि एवढ्यावरून निर्णय देता येत नाही.

सर्वांत विश्वसनीय कसोटी काळाची आहे. व्रण कालांतराने आक्रसतो किंवा तसाच राहतो, रोग वाढतो. दोन-तीन वर्षांनी स्थिरावलेल्या व्रणाजवळ नवा उंचवटा दिसला, तर संशय घेणे भागच असते. परंतु 'नवा' हे ठरविण्यासाठी जुनी प्रतिमा समोर हवी. ती नसेल तर निरुपद्रवी व्रणात विनाकारण सुई घालावी लागते, किंवा खरी गाठ व्रण समजून सोडली जाते. संशय कायम राहिल्यास सोनोग्राफीतच पाहत सुई नेमक्या जागी नेऊन ऊतकाचा तुकडा काढतात व तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अंतिम निदान तेथेच होते.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसल्याने ती कितीही वेळा करता येते. काखेतील ग्रंथीही तिच्यात चांगल्या दिसतात. परंतु कॅल्शियमचे सूक्ष्म कण, जे कित्येकदा रोगाची पहिली खूण असतात, ते मॅमोग्राफीतच नीट दिसतात. म्हणून वर्षातून एकदा मॅमोग्राफी आवश्यकच होय. सोनोग्राफी तिची जोडीदार आहे, बदली नव्हे. पहिली मॅमोग्राफी किरणोपचारानंतर किमान सहा महिन्यांनी करतात. डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी असते. मध्यंतरी गाठ लागली, त्वचा ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर पुढील तारखेची वाट पाहू नये.

जखम भरली की बाई शेतावर जाऊ लागते आणि फाइल ट्रंकेच्या तळाशी जाते. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्य यांना येथे साधे काम करता येईल: शस्त्रक्रियेचा अहवाल, सर्व फिल्म व सीडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावयास सांगणे आणि प्रत्येक तपासणीस ती पिशवी सोबत नेली जाते ना, हे पाहणे. कर्करुग्णांना रेल्वे व एस. टी.च्या भाड्यात सवलत आहे. तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही त्याच पिशवीत असावे.