लहान विद्यापीठाचे मैदान

विद्यापीठ म्हटले म्हणजे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि परीक्षा या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. मैदानाची आठवण बहुधा शेवटी होते. मोठ्या विद्यापीठाला हे चालून जाते. त्याच्या छत्राखाली शेकडो महाविद्यालये असतात. त्यांपैकी एखाद्याजवळ तरी विस्तीर्ण मैदान आणि एखाद्याजवळ तरी खेळाचे वेड असलेला शिक्षक असतोच. लहान विद्यापीठाला ही सवलत नसते. तेथे मैदान असले तर ते सर्वांना असते आणि नसले तर कोणालाच नसते.

बडोद्याच्या पूर्वेस असलेला वाघोडिया तालुका या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. शेतीच्या या मुलखात प्रथम कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग उच्च शिक्षण आले. पिपरिया येथील सुमनदीप विद्यापीठाला २००७ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे मुख्यतः वैद्यक व तत्सम शाखांचे शिक्षण मिळते. लिमडा येथील पारुल विद्यापीठ २०१५ साली स्थापन झाले आणि त्याचा विस्तार पुढे फार मोठा झाला. आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली पदवीसाठी आता शहरात गेलीच पाहिजेत असे राहिले नाही.

बडोद्याला व्यायामाची परंपरा नवी नाही आणि तिच्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा प्रो. माणिकराव यांनी चालविला व वाढविला. हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरविले. त्या खेळाला नियमांची चौकट मिळण्याच्या कामात बडोद्याचे नाव त्यामुळे कायमचे जोडले गेले. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेले ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा मराठी खंड याच नगरीतून निघाले. म्हणजे ज्या भूमीवर आजची विद्यापीठे उभी आहेत, तेथे व्यायाम हा विद्येचाच भाग मानला गेला होता.

आता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची रचना कशी असते ते पाहू. ही एक शिडी आहे. पहिली पायरी महाविद्यालयातील वार्षिक क्रीडासंमेलनाची. तेथील विजेते दुसऱ्या पायरीवर, म्हणजे विद्यापीठातील निरनिराळ्या महाविद्यालयांच्या सामन्यांत उतरतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तिसरी पायरी आंतरविद्यापीठीय स्पर्धांची. यांचे नियंत्रण भारतीय विद्यापीठ संघाकडे आहे. ही संस्था १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून जन्मास आली आणि १९७३ साली तिला आजचे नाव मिळाले. बहुतेक सांघिक खेळांत प्रथम पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा विभागांचे सामने होतात. गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये पश्चिम विभागात येतात. म्हणून वाघोडियाच्या संघाची गाठ मुंबई-पुण्याच्या संघांशी पडते. शिडीचा शेवट जागतिक विद्यापीठ स्पर्धांत होतो. त्यांचा आरंभ १९५९ साली इटलीतील तुरीन येथे झाला. २०१९ साली नेपल्स येथील स्पर्धेत ओडिशाच्या द्युती चंदने १०० मीटर शर्यत ११.३२ सेकंदांत जिंकली, हे अनेकांना स्मरत असेल.

लहान विद्यापीठात या शिडीची दुसरी पायरी फार आखूड असते. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या ही सारी महाविद्यालये एकाच आवारात. म्हणजे आंतरमहाविद्यालयीन सामना एका इमारतीचा शेजारच्या इमारतीशी. खेळाडूला कसोटीचे प्रतिस्पर्धी भेटत नाहीत. घरच्या मैदानावर पहिला आलेला मुलगा विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतो आणि पुष्कळदा खेळच सोडून देतो. त्याच्या अंगी गुण नव्हते असे नाही. अधूनमधून हरण्याची आणि हरून शिकण्याची संधीच त्याला मिळाली नव्हती. यावर साधा उपाय असा की, शेजारच्या दोन-तीन संस्थांनी वर्षातून चार वेळा तरी मैत्रीचे सामने भरवावेत.

दुसरी अडचण जागेची. ४०० मीटरच्या आठ मार्गिकांच्या धावपट्टीला सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते. म्हणजे जवळजवळ चार एकर. वळणावर बाहेरच्या मार्गिकेला अंतर अधिक पडते. म्हणून ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या मार्गिकेतील धावपटूला ७.०४ मीटर पुढे उभे करतात. प्रेक्षकाला हा पक्षपात वाटतो. वस्तुतः तो न्याय असतो. एवढी जागा नसली की संस्था २०० मीटरचे वर्तुळ आखतात. त्याची वळणे इतकी तीव्र असतात की, वेगाने धावणाऱ्याला पाय आवरावे लागतात, आणि तीच सवय मोठ्या पट्टीवर त्याला मागे खेचते.

परंतु चार एकर नाहीत म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही. गोळाफेकीचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे असते. लांब उडीला चाळीस मीटरची धाव आणि वाळूचा हौद पुरतो. चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीत तर दांडी देण्याघेण्याचे कौशल्यच निर्णायक ठरते. तीस मीटरच्या टप्प्यात वेग न मोडता दांडी हाती देणारे चार मध्यम धावपटू, तिथे अडखळणाऱ्या चार वेगवान धावपटूंना मागे टाकू शकतात. हा सराव सरळ रस्त्यावरही होतो. ज्या संस्थेजवळ पैसा थोडा पण मुले एकत्र राहणारी आहेत, तिने येथूनच आरंभ करावा.

तिसरी अडचण वेळेची, आणि ती सर्वांत कठीण आहे. आंतरविद्यापीठीय स्पर्धा प्रायः हिवाळ्यात होतात. त्याच सुमारास सत्रपरीक्षा, प्रात्यक्षिके आणि हजेरीचे हिशेब असतात. परिचर्येच्या विद्यार्थिनीला रुग्णालयातील पाळी असते. स्पर्धेहून परतल्यावर तिची परीक्षा पुन्हा घेतली जाईल, असा लेखी नियम नसेल तर ती जाणारच नाही. आणि ती गेली नाही तर घरातले लोक तिला दोष देणार नाहीत, उलट शहाणी म्हणतील. मुलींच्या बाबतीत पदवीची वर्षे ही पुष्कळदा मैदानाची शेवटची वर्षे असतात. मुलाला पुढे निदान गल्लीतले क्रिकेट तरी असते.

गुजरातच्या डांग जिल्ह्यातील सरिता गायकवाड हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेमध्ये सुवर्णपदकाचा वाटा मिळविला. दूरच्या डोंगराळ खेड्यांतही गुण असतो, याला आणखी पुरावा नको. प्रश्न असतो तो गुण आणि संधी यांच्यामधील अंतराचा. हे अंतर कधी एखादा माणूस स्वतःच्या खिशातून भरून काढतो. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्या प्राचार्यांना वंदन केलेच पाहिजे; परंतु खेळाडूच्या प्रवासासाठी शिक्षकाचे घर गहाण पडावे, ही व्यवस्था नव्हे.

येथे एक मोह उत्पन्न होतो. २०२० साली भुवनेश्वर येथे पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या आणि पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ पदकांत दुसरे आले. अशा स्पर्धांमुळे पदकांची किंमत वाढली. साहजिकच आधीच तयार झालेले खेळाडू शुल्क माफ करून घ्यावेत आणि पदके मिळवावीत, असे संस्थांना वाटते. यात गैर काही नाही. गरीब खेळाडूला त्यामुळे शिक्षण मिळते. मात्र दहा खेळाडूंवर सारा निधी खर्च होऊन उरलेले विद्यार्थी केवळ टाळ्या वाजविण्यापुरते राहिले, तर ते विद्यापीठाचे मैदान न राहता त्याची जाहिरात होते.

म्हणून प्रवेशाच्या दिवसांत पालकांनी वसतिगृह व शुल्क यांच्याबरोबरच तीन प्रश्न विचारावेत. सायंकाळी मैदान कोणासाठी उघडे असते? स्पर्धेमुळे बुडालेली परीक्षा पुन्हा घेतली जाते काय? मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका जाते काय? या तिहींची उत्तरे स्पष्ट मिळाली, तर कपाटात एकही ढाल नसली तरी त्या विद्यापीठाचे क्रीडाकार्य योग्य मार्गावर आहे असे समजण्यास हरकत नाही.