नाव तिचं, चाक त्याचं!

खंडेनवमीला कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतून चक्कर मारा. दारादारांत धुऊन-पुसून उभे केलेले ट्रॅक्टर दिसतात. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि हळदीकुंकवाची बोटं उमटवणारी घरची लक्ष्मी. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक गाडी येते, तेव्हा ती बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. जुन्या यंत्राचा असा लळा आपल्या रक्तातच आहे.

पण मेबॅकचं नशीब प्रत्येक यंत्राला थोडंच मिळतं! सासऱ्यांनी घेतलेला जुना एचएमटी नाहीतर इंटरनॅशनल बी-275 गोठ्यामागं उभा असतो. त्याच्या सीटवर कोंबड्या बसतात. पिंजोरला 1971 मध्ये सुरू झालेला एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं 2016 मध्ये घेतला, तेव्हापासून या मंडळींचा भाव हौशी लोकांत वधारला आहे. एखादा नातू तो रंगवतो, इंजिन उघडून पुन्हा बसवतो, आणि मग प्रश्न पडतो : हे धूड प्रदर्शनाला न्यायचं कसं? रस्त्यावरून ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं शंभर किलोमीटर चालवत न्यायचं म्हणजे टायरचा आणि माणसाचाही जीव जायचा.

अमेरिकेतल्या हौशी लोकांनी यावर एक गमतीदार तोड काढली आहे. शाळेची जुनी पिवळी बस लिलावात घ्यायची, पुढची केबिन ठेवायची, मागचा सांगाडा कापून काढायचा आणि चॅसीवर लोखंडी फळी टाकून त्यावर ट्रॅक्टर चढवायचे. तिकडं शाळेच्या बसचा पिवळा रंग 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत ठरला, आणि अशा बसगाड्या वर्षानुवर्षं निगुतीनं सांभाळलेल्या असतात. मजबूत चॅसी, दणकट इंजिन आणि किंमत भंगाराच्या जवळपास. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथं मोलही परवडतं.

आपल्याकडं जुन्या बसला दुसरा जन्म देणं नवं नाही. पुण्यात 2016 पासून उल्का सादलकर आणि राजीव खेर यांनी जुन्या बसगाड्यांमधून बायकांसाठी 'ती टॉयलेट' उभी केली. कोरोनाच्या टाळेबंदीत, मे 2020 मध्ये, एसटीनं आपल्या जुन्या गाड्यांची आसनं काढून त्यातून मालवाहतूक सुरू केली. मग आमच्या शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्री काय कमी आहेत? लेथ, वेल्डिंग आणि डोकं या तीन गोष्टींवर त्यांनी काय काय उभं केलंय! गॅस कटर हातात आला की दोन दिवसांत बसचं छप्पर खाली.

खरी मेख त्यानंतर आहे. बसचं छप्पर आणि बाजूचे पत्रे नुसते ऊन-पावसासाठी नसतात, ते सगळ्या गाडीला ताठ धरून ठेवतात. ते काढले की चॅसी वळणावर पिळायला लागते, म्हणून खाली जादा चौकट द्यावी लागते. दुसरं म्हणजे वजन. चाळीस पोरं मिळून बारा-तेराशे किलो भरतात आणि तीही गाडीभर पसरून बसलेली. 35 अश्वशक्तीच्या आसपासचा एकच जुना ट्रॅक्टर पावणेदोन-दोन टनांच्या घरात जातो आणि त्याचा बराचसा भार त्याच्या मागच्या दोन चाकांवर. बसची शेपटी तर मागच्या चाकांपलीकडं लांब लोंबत असते. त्या शेपटीवर ट्रॅक्टरचं जड टोक आलं की बसचं नाक वर उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. घरातल्या पोरांच्या सी-सॉसारखंच हे. गगनबावड्याच्या घाटात मात्र तो खेळ नको!

चढवतानाही तसंच. उभ्या फळीवरून ट्रॅक्टर सरळ पुढं नेला तर त्याचं तोंड उचलून तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटू शकतो. म्हणून उलट्या गिअरनं चढवायचा किंवा विंचनं ओढून घ्यायचा. मग चारी कोपऱ्यांना साखळदंड. नुसता हँडब्रेक आणि चाकाखाली दगड, हा आपला नेहमीचा भरवसा इथं चालत नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचं खटलं आमच्या पुरवणीत कशाला? सांगते. शेतीअवजारांच्या केंद्राच्या योजनेत महिला शेतकऱ्याला 50 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, इतरांना बहुधा 40. त्यामुळं अनेक घरांत ट्रॅक्टर बाईच्या नावावर येतो. त्याच सवयीनं टेम्पोही येतो, उद्या बसही येईल. नाव तिचं, चाक त्याचं! चांगलंच आहे की, मालकी मिळते. पण मालकीबरोबर जबाबदारीही येते. अपघात झाला तर कायदा विचारतो तो नोंदणीपुस्तकातल्या मालकाला. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि कापलेल्या बसचं काय? मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार, कंपनीनं दिलेले आणि पुस्तकात नोंदलेले मूळ तपशील बदलतील असा फेरफार मालकाला मनानं करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. विनापरवाना कापलेली गाडी धडकली तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. मग नुकसानभरपाईची नोटीस कुणाच्या नावानं येणार? तिच्याच! जिनं त्या गाडीचा ब्रेक कधी दाबला नाही, तिच्या.

तेव्हा घरात असली टूम निघाली तर सहीसाठी पुढं केलेला कागद आधी वाचा. आरटीओकडं लेखी विचारणा झाली आहे का, प्रवासी गाडीची मालवाहू म्हणून नोंद होईल का, वजनाची मर्यादा किती येईल, विमा कंपनीला कळवलं का, हे चहा ठेवता ठेवता विचारून घ्या. उत्तर 'बघू नंतर' असं आलं, तर कटर सुरू व्हायच्या आधीच पेन खाली ठेवा. वर्षातून दोन प्रदर्शनं करायची असतील तर भाड्यानं लो-बेड ट्रेलर मागवणं कितीतरी स्वस्त पडेल, हा हिशेबही मांडून दाखवा. त्यात रंगही नको काढायला. पिवळा रंग दिसला की लोक आत मुलं आहेत असं समजतात, म्हणून परवानगी मिळाली तरी तो बदलावाच लागणार.

एक मात्र आधीच विचारा. तिकडचे लोक केबिनमागच्या दोन ओळी बाकं तशीच ठेवतात, म्हणजे बायका-पोरंही प्रदर्शनाला जातात. आपल्याकडं मालवाहू गाडीत पुस्तकात लिहिलीत तेवढीच माणसं बसू शकतात. तेव्हा अर्ज करतानाच आपली जागा त्यात मोजून घ्या, नाहीतर ट्रॅक्टर जाईल बसमधून आणि तुम्ही मागनं एसटीनं.