समुद्रावरची मेजवानी आणि अंगावरचा पोशाख

मोठ्या प्रवासी जहाजावरची सफर सात रात्रींची असली, तर त्यांतल्या एक-दोन रात्री जेवायला ठेवणीतले कपडे घालून जाण्याच्या असतात. क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर अशा रात्रीला ‘गाला इव्हनिंग’ म्हणतात, प्रिन्सेसच्या जहाजांवर ‘फॉर्मल नाइट’, कार्निव्हलवर ‘एलिगंट नाइट’, सेलिब्रिटीवर ‘इव्हनिंग शीक’. कंपनीगणिक नुसते नाव बदलत नाही, अपेक्षाही बदलते. एका जहाजावर काळा डिनर सूट आणि बो-टाय घातलेले पुरुष सर्रास दिसतात, तर दुसऱ्यावर इस्त्रीचा शर्ट आणि चांगली पँट एवढ्यावर काम भागते. क्रूझला निघालेल्या मराठी कुटुंबाला बॅग भरताना नेमका याच फरकाचा अंदाज नसतो. मग एक तर एका रात्रीसाठी महागडा सूट विकत घेतला जातो, नाही तर घरातले उत्तम कपडे ‘तिथे चालतील का?’ या शंकेने कपाटातच राहतात.

ही प्रथा सहलीच्या जहाजांनी शोधलेली नाही. ती त्यांना टपालाच्या आणि उतारूंच्या बोटींकडून वारशाने मिळाली. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-इंग्लंड प्रवासाचे दिवस पुष्कळ कमी झाले. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर पहिल्या वर्गात गोरे अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि बडे व्यापारी असत. घरी रात्रीच्या जेवणाआधी कपडे बदलण्याची त्यांची रीत होती. ती त्यांनी समुद्रावरही चालू ठेवली. त्या काळी रात्रीचा औपचारिक पोशाख म्हणजे मागे दोन शेपटे असलेला टेलकोट. आखूड डिनर जॅकेट सर्रास रूढ झाले ते त्यानंतर. लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल या शिंपी-पेढीने १८६५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती जेवणाला घालायचा आखूड कोट शिवला, असे त्या पेढीचे दप्तर सांगते. १८८६च्या सुमारास तो कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या वसाहतीत पोहोचला आणि अमेरिकेत त्याला टक्सीडो हेच नाव पडले. आज ज्याला सर्वांत कडक पोशाख समजतात, तो जन्माला आला तेव्हा टेलकोटापासून सुटका करणारा सैल पोशाख होता. औपचारिकतेची पातळी प्रत्येक पिढीत एकेक पायरी खाली येत गेली आहे आणि आजही येत आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

तांबड्या समुद्रातल्या उकाड्याने या रीतीला एक मुरड घातली. तिथे कोट अंगावर ठेवणे असह्य होई. म्हणून कोट काढून पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला कमरबंद एवढ्यावर जेवायला बसण्याची सवलत रूढ झाली. या वेशाला इंग्रजी दर्यावर्दी ‘रेड सी रिग’ म्हणतात. कमरबंद हिंदुस्थानातला, इथल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यात वेस्टकोटाऐवजी तो कमरेला बांधायला सुरुवात केली. म्हणजे ज्या वेशाला आज निखळ युरोपीय मानले जाते, त्याचा एक महत्त्वाचा भाग याच भूमीतून बोटीवर चढला.

भारतीय प्रवाशांच्या वाट्याला त्या बोटींवर वेशाची वेगळीच चिंता येई. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाले. बोटीवर ते काळा सूट घालत. मित्रांनी करून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरताना घालण्यासाठी मुद्दाम राखून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस एका शनिवारी तिथे उतरले, तेव्हा पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच होते. सामान आणि किल्ल्या दलालाच्या ताब्यात गेलेल्या, दुसऱ्या दिवशी रविवार. त्यामुळे कपडे बदलायचीही सोय नव्हती. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्याआधी पाच वर्षे, १८८३मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या त्या वेगळ्या निर्धाराने. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आधीच जाहीर केले होते. साडी त्यांनी परदेशातही सोडली नाही. एका अठरा वर्षांच्या मुलीने त्या काळात घेतलेला हा निर्णय आजच्या प्रवाशाच्या शंकेला पुरेसे उत्तर आहे.

दोन महायुद्धांच्या मधला काळ या रीतीच्या भरभराटीचा. फ्रेंच लाइनच्या बोटींवर भोजनगृहात उतरायला भव्य जिना असे. पायऱ्या उतरत येणाऱ्या स्त्रियांचे पोशाख खाली बसलेल्या सगळ्यांना दिसावेत, अशीच ती रचना होती. १९३५च्या ‘नॉर्मंडी’वर पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात सुमारे ७०० माणसे एका वेळी जेवत. मात्र त्या वैभवातही पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी नटत नसे, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. हा संकेत बहुतेक जहाजांवर आजही टिकून आहे. १९५८मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि बोटीने पलीकडे जाण्याची गरज संपली. उरली ती हौसेची सफर. वाहतुकीचे काम गेले, पण जेवणाची रीत मागे राहिली, कारण सफर विकणाऱ्यांना तिचे आकर्षण ठाऊक होते. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ नावाने ठरावीक वेळ आणि ठरावीक वेश या दोन्हींतून प्रवाशांना मोकळे केले, आणि हळूहळू इतर अनेक कंपन्यांनी आपले नियम सैल केले.

आजचे चित्र त्यामुळे एकसारखे नाही. कडक टोकाला क्युनार्ड आहे. २००४पासून चालणाऱ्या ‘क्वीन मेरी २’वर साउदम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासात साधारणपणे दोन गाला रात्री असतात. त्यांना ‘काळा-पांढरा’ किंवा मुखवट्यांचा असा विषयही दिलेला असतो. विषय पाळणे ऐच्छिक असते, औपचारिक पोशाख मात्र मुख्य भोजनगृहात अपेक्षित असतो. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल मधल्या पट्ट्यात मोडतात: सूट घातला तर शोभतो, नाही घातला तरी कोणी अडवत नाही. कोस्टा आणि एमएससी या इटालियन वळणाच्या जहाजांवर गाला रात्रीइतकीच पांढऱ्या कपड्यांची रात्र लोकप्रिय आहे. वायकिंगने औपचारिक रात्र ठेवलेलीच नाही. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे २०२१पासून जाणाऱ्या कॉर्डेलियासारख्या दोन-तीन रात्रींच्या सफरींना तर समारंभाला घालतो तसा एक चांगला जोड पुरतो.

कोणत्या रात्री काय घालायचे, हे जहाजावरच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या ॲपवर छापलेले असते. औपचारिक रात्र बहुधा अशा दिवशी ठेवतात, ज्या दिवशी जहाज कोणत्याच बंदरात थांबत नाही. दिवसभर किनाऱ्यावर भटकून आलेल्या माणसाला तासाभरात नटून तयार होणे जड जाते, हे त्यामागचे कारण. कॅप्टनचे स्वागत त्याच संध्याकाळी असते आणि छायाचित्रकार पडदे लावून उभे असतात. हे फोटो विकत घ्यावे लागतात, आणि कंपन्यांना या रात्री टिकवाव्याशा वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

पुरुषांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. पूर्ण ‘ब्लॅक टाय’ वेशात रेशमी कॉलरपट्टीचा काळा किंवा मध्यरात्रीच्या निळ्या रंगाचा कोट, शिवणीवर रेशमी पट्टी असलेली पँट, पांढरा शर्ट, काळा बो-टाय आणि काळे बूट येतात. तो निळा रंग दिव्यांच्या उजेडात काळ्याहून अधिक गडद दिसतो, म्हणून जाणकार तो निवडतात. पण एवढा खटाटोप क्युनार्डवरही सक्तीचा नाही. गडद सूट आणि टाय तिथेही चालतो.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट मराठी प्रवाशाने पक्की लक्षात ठेवावी. क्युनार्ड आणि पी अँड ओ क्रूझेस या पारंपरिक ब्रिटिश कंपन्या औपचारिक राष्ट्रीय पोशाखाला डिनर सूटच्या बरोबरीचे स्थान देतात. शेरवानी, अचकन, जोधपुरी बंदगळा हे सगळे त्यात बसतात. बंदगळ्याला टाय लागत नाही, खास शर्ट लागत नाही, आणि गडद रंगाचा असेल तर दुसऱ्या रात्री त्याच पँटवर साधा शर्ट घालून निभावते. मुलाच्या किंवा भाच्याच्या लग्नात शिवलेला बंदगळा घरात असताना टक्सीडोवर पैसे घालवण्याला काही अर्थ नाही. कुर्ता-पायजमा मात्र सुती आणि साधा नसावा. रेशमी कुर्त्यावर जाकीट घातले की तो औपचारिक दिसतो. पायांत बूट किंवा मोजडी असावी. उघड्या चपला अनेक जहाजांवर रात्रीच्या मुख्य भोजनगृहात चालत नाहीत, त्यामुळे कोल्हापुरी कितीही आवडती असली तरी तिला दिवसाची कामगिरी द्यावी.

स्त्रियांसाठी साडी हा औपचारिकतेच्या कोणत्याही पातळीवर पुरून उरणारा पोशाख आहे. लांब गाऊन, कॉकटेल ड्रेस आणि पार्टीवेअर यांतले भेद तिला लागू होत नाहीत. जरीकाठी साडी गाला रात्रीला शोभते आणि शिफॉन किंवा क्रेप सैल नियमाच्या रात्रीला. प्रश्न येतो तो साडी आणि जहाज यांच्या मेळाचा. आतल्या बाजूची केबिन साधारण १४ ते १७ चौरस मीटरची असते. पलंगाने व्यापून उरलेल्या जागेत निऱ्या घालायच्या म्हणजे कसरत होते, त्यात दुसरे माणूसही तयार होत असते. कपड्यांची इस्त्री आणि वाफेची इस्त्री बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये बाळगता येत नाही. समुद्रावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, आणि सुरक्षातपासणीत अशा वस्तू काढून घेतात. क्युनार्ड आणि प्रिन्सेसच्या जहाजांवर इस्त्रीची सार्वजनिक खोली असते, रॉयल कॅरिबियनवर ती नाही. जिथे आहे तिथेही गाला रात्रीच्या आधी रांग लागते, आणि साडेपाच मीटर कापड त्या गर्दीत इस्त्री करणे फारसे सुखाचे नाही.

यावर उपाय बॅग भरतानाच करावा. जॉर्जेट, क्रेप, शिफॉन यांना चुणी कमी पडते. पैठणी न्यायची असेल तर ती मऊ सुती कापडात सैल गुंडाळून न्यावी. एकाच घडीवर दाबून ठेवली तर जर त्या रेषेवर मोडते. निऱ्या आधी घालून, पिनांनी धरून, इस्त्री करून नेल्या तर केबिनमध्ये पाच-दहा मिनिटांत साडी नेसता येते. खाऱ्या, दमट हवेत जर काळवंडते, म्हणून जरीची साडी नेसून उघड्या डेकवर फार वेळ थांबू नये आणि परतल्यावर ती लगेच बॅगेत कोंबण्याऐवजी वाऱ्यावर न धरता खोलीतच पसरून सुकू द्यावी.

जहाज हलते, हे तर विसरूनच चालत नाही. आधुनिक जहाजांना डोलणे कमी करणारे पंख असतात, तरीही अटलांटिक किंवा बिस्केच्या उपसागरात जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उंच टाचांपेक्षा रुंद, बुटकी टाच केव्हाही बरी. साडी नेहमीपेक्षा थोडी वर नेसावी, म्हणजे पायरीवर पाय अडकत नाही. या दृष्टीने नऊवारी अत्यंत सोयीची आहे. कासोटा घातल्यामुळे पाय मोकळे राहतात, चाल अडखळत नाही आणि निऱ्या निसटण्याची धास्ती नसते. शेतात आणि होडीवर काम करणाऱ्या बायकांनी जो गुण शतकानुशतके पारखला, तोच गुण इथे कामी येतो. भोजनगृहातली वातानुकूलित हवा चांगलीच गार असते, तेव्हा शाल जवळ असावी. पुरुषांना ही गरज क्वचितच भासते, कारण कोट त्यांच्या अंगावर असतोच.

सामानाचा विचार करताना गांधींचा तो शनिवार आठवावा. बंदरावर मोठ्या बॅगा कंपनीच्या माणसांकडे सोपवल्या की त्या केबिनमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत येत राहतात. विमानाने जाऊन जहाज पकडायचे असेल, तर बॅग मागे राहण्याचा धोका वेगळाच. म्हणून औपचारिक कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत असावा. दोन औपचारिक रात्रींना दोन साड्या आणि एक बंदगळा पुरतो, कारण पुरुषाने तोच कोट दोनदा घातलेला कोणाच्या लक्षात येत नाही. दागिने मोजके आणि केबिनच्या तिजोरीत मावतील एवढेच असावेत. सोने परदेशी नेताना भारतातून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना तेच सोने आयात केल्याची विचारणा टळते.

नटायची इच्छाच नसेल, तर तीही सोय प्रत्येक जहाजावर आहे. बुफेच्या दालनात साध्या कपड्यांत जेवता येते. क्युनार्डवरही बुफे आणि पब त्या रात्री खुले असतात. लहान मुले बरोबर असलेली कुटुंबे पुष्कळदा हाच मार्ग पत्करतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र केवळ ‘आपल्याकडे सूट नाही’ म्हणून कोणी बुफेकडे वळू नये. तिकीट काढताना कंपनीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाचे पोशाखाचे नियम वाचावेत, कारण ते बदलत असतात. राष्ट्रीय पोशाखाचा उल्लेख आहे का तेही पाहावे. आणि येवल्याची पैठणी किंवा लग्नातला बंदगळा निःशंकपणे बॅगेत घालावा.