साचा कोरणारे हात

जळगावच्या केळीबागेतला ठिबकचा थेंब आपण कौतुकाने पाहतो; त्याचे माप पोलादात कोरणारा कारागीर कोणाला दिसतो? भवरलाल जैन यांच्या कारखान्याने १९८० साली पीव्हीसी नळ्या काढल्या, पुढे ठिबकही आले. नळी सलग ओढून निघते. सांधे आणि ड्रिपर मात्र साच्यातच जन्मतात. पॉलिप्रॉपिलीन निवताना १०० मिलिमीटरमागे दीड-दोन मिलिमीटर आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा कोरायचा. (शिंपीही कापड आटणार हे धरूनच बेततो!) साच्याच्या दोन भागांत केसाहून बारीक फट राहिली, तरी मालाच्या कडेला पापुद्रा सुटतो. मग निळा रंग लावून टेकणारी जागा शोधायची आणि हाताने घासायची, तीही बेताने. जादा गेलेले पोलाद वेल्डिंगने भरता येते. पण तो डाग पुढे प्रत्येक नगावर उमटतो.