पित्त नव्हे, मनाचे दुखणे

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सत्तावीस वर्षांचा एक तरुण आईबरोबर दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, याचं पित्त काही जात नाही. जेवण नाही, झोप नाही," आई म्हणाली. त्याआधी दोनदा मीच त्याला पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. या वेळी आईला बाहेर बसवले आणि विचारले, "मनात काही आहे का रे?" तो बराच वेळ गप्प होता. मग एकदम रडू लागला. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातली नोकरी गेली, लग्न लांबणीवर पडले आणि शेवटी मोडले. "जगावंसं वाटत नाही," तो म्हणाला.

वाचकहो, नाते तुटल्याचे दुःख सर्वांनाच होते. एरवी कामाच्या व्यापात, मित्रांच्या गप्पांत ते हलके होते. कोरोनाकाळात नेमके हेच मार्ग बंद झाले होते. त्यात "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?" हे आपले ठरलेले वाक्य! मग न सांगितलेले दुःख चिडचिड, दारू, डोकेदुखी किंवा पित्ताच्या रूपाने बाहेर पडते. २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १,१८,९७९ पुरुष होते. प्रत्येकामागची कारणे वेगळी असतात, पण न बोलण्याची सवय घातकच.

उदासी, निद्रानाश, कशातच रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नका. "जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का?" असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. घरातली कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. "दुसरी मुलगी बघू" ही घाई नको. आधी ऐकून घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस'ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस सुरू आहे.

त्या तरुणाला मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच सोडू नयेत, हे आईलाही समजावले. चार महिन्यांनी तो एकटाच आला, ताप आला होता म्हणून! नवे काम मिळाल्याचे त्याने सांगितले.

तेव्हापासून पित्ताची तक्रार घेऊन तरुण आला, की गोळी लिहिण्याआधी मी खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि झोपेची, मनाची चौकशी करतो.