एका खेपेला एकच इलेक्ट्रॉन

गंगेच्या मैदानातली ‘ऊसर’ म्हणजे आपल्याकडची चोपण जमीन. सोडियमच्या क्षारांनी घट्ट झालेली, पाणी मुरू न देणारी, पिकाला नकोशी. पण पावसाळ्यात तिच्यावरही निळं-हिरवं शेवाळ चढतं. बनारस हिंदू विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एन. सिंह यांनी त्यालाच कामाला लावलं. बांध घालून पाणी अडवलं, शेवाळ वाढू दिलं. जमिनीचा सामू उतरला, नायट्रोजन वाढला. 1950 मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं.

हे शेवाळ म्हणजे खरं तर सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर जगणारे जिवाणू. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध भलता चिवट. तो तोडायला खत कारखान्यांना 400 अंशांच्या वरचं तापमान आणि प्रचंड दाब लागतो. अ‍ॅनाबिना हा जिवाणू तेच काम भातखाचरातल्या पाण्यात उरकतो!

त्यात एक पंचाईत आहे. नायट्रोजन फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं आणि प्रकाशसंश्लेषणात तर ऑक्सिजनच बाहेर पडतो. म्हणून अ‍ॅनाबिनाच्या पेशींच्या माळेत मधूनमधून एखादी पेशी जाड भिंत उभारते, ऑक्सिजन बनवणं थांबवते, विभाजनही कायमचं सोडते. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात, ती त्यांना नायट्रोजन.

नायट्रोजन फोडायला इलेक्ट्रॉन लागतात. साखरेतून निघालेल्या इलेक्ट्रॉनला प्रकाशाची ऊर्जा मिळते आणि तो फेरेडॉक्सिनच्या हाती येतो. शंभरेक अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन, त्यात लोहाचे दोन आणि गंधकाचे दोन अणू. स्लॅब घालताना घमेलं हातोहात पुढे जावं तसा इलेक्ट्रॉन नायट्रोजिनेजपर्यंत पोचतो, एका खेपेला एकच. नायट्रोजनच्या एका रेणूमागे आठ खेपा, शिवाय ऊर्जेसाठी एटीपीचे 16 रेणू.

आणि लोहाचीच टंचाई पडली तर? चोपण जमिनीत लोह सहजी विरघळत नाही. लोह कमी पडलं की अ‍ॅनाबिना फ्लॅवोडॉक्सिन हे दुसरं प्रथिन घडवतो. त्यात लोह नसतंच. इलेक्ट्रॉन वाहतो तो ब-2 जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू. नायट्रोजिनेजला मात्र डझनावारी लोहअणू लागतात आणि तिथे दुसरं काही चालत नाही. म्हणून हा जिवाणू काटकसर करतो ती वाहतुकीत.